वाण न आलेलं स्वयंपाकघर

आमच्या वसाहतीतल्या महिला मंडळाला अधूनमधून कसला ना कसला पुळका येतो. एकदा योगासनांचा आला होता, तो अध्यक्षीणबाईंचा गुडघा आखडेपर्यंत टिकला. मग मोडी लिपीचा आला, तो शिकवणाऱ्या गुरुजींनी हात टेकले तेव्हा संपला. यंदाचा पुळका पर्यावरणाचा. अध्यक्षीणबाई महिनाभर पुण्याला लेकीकडे राहून आल्या आणि येताना बांबूचा टूथब्रश, तांब्याची बाटली आणि अख्ख्या रत्नागिरीला सुधारायचा निश्चय घेऊन आल्या.

त्या माझ्या समोरच्याच घरात राहतात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना तांदळाची भाकरी थापता येत नव्हती, ती मी शिकवली. मला त्या वहिनी म्हणतात. माझा नवरा बोटीवर असायचा आणि त्यांचा नवरा फिरतीवर, त्यामुळे कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघी माझ्या पायरीवर गजाली मारत बसलेल्या आहोत. म्हणजे मी जे काही त्यांच्याबद्दल सांगते आहे ते ओळखून सांगते आहे.

मोहिमेचा पहिला कार्यक्रम आरे-वारेच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलण्याचा. त्याला मला आग्रहाचं बोलावणं होतं. सगळ्या जणी एकसारखे टी-शर्ट घालून आल्या होत्या. त्यावर छातीभर घोषणा, आणि प्रत्येक टी-शर्ट निघाला तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून. तासभर कचरा उचलला, त्याच्या दुप्पट वेळ फोटो काढले, मग सुरूच्या झाडांखाली बसून प्लॅस्टिकच्या डब्यांतला पुलाव प्लॅस्टिकच्या चमच्यांनी खाल्ला. मी घरून भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून नेली होती. एकीने वासाने तोंड फिरवलं. घरी येताना गाडीत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कचरा उचलायला विधवा चालते, फक्त हळदीकुंकवाला चालत नाही.

माझा नवरा रजेवर घरी आलेला असताना गेला. दुपारी जेवून आडवा झाला, चहाला हाक मारायला गेले तर उठला नाही. त्याचं दिवसकार्य वगैरे सगळं रीतीप्रमाणे झालं. वसाहतीतल्या बायका आल्या, बसल्या, रडल्या, पिठलं-भात करून घेऊन आल्या. माणसं वाईट नव्हती. मग संक्रांत आली आणि माझ्याकडे कोणीच आलं नाही. कोणी काही बोललं नाही, कोणी नको म्हटलं नाही. आदल्या वर्षीपर्यंत रथसप्तमी येईतो पायाला भिंगरी लावून मी घरोघर जात होते, आणि त्या वर्षी समोरच्या घरातून अत्तराचा वास येत होता नि मी दिवा न लावता खोलीत बसले होते. पुढच्या वर्षी मी दिवा लावला. पण बोलावणं तेव्हाही आलं नाही आणि नंतरही कधी नाही.

आता मंडळाचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यात मी आहे. दर जानेवारीत त्यावर 'सर्व भगिनींना सस्नेह निमंत्रण' येतं आणि त्या 'सर्व'मध्ये मी नाही हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी वेड्यासारखी साडी काढून ठेवली होती. समोरच्या बाई साडी नेसून माझ्या फाटकावरून गेल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि पुढे गेल्या. मग मी साडी परत कपाटात ठेवली.

मला तिथे जायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं ऐकताना वाटेल की बाई फार वरच्या पायरीवर उभी राहून बोलते आहे. त्या बायकांच्या गप्पा मला बाष्कळ वाटतात, त्यांचे उखाणे मला पाठ आहेत, त्यांच्या पर्यावरणाला मी हसते. आणि तरी दर वर्षी त्या हॉलमधल्या खुर्चीवर चार जणींच्या मध्ये बसावं असं मला वाटायचं. असं वाटण्याचाही मला रागच यायचा.

आता प्लॅस्टिककडे येते. आमच्याकडच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिक येतं कुठून, याचा अध्यक्षीणबाईंनी कधी विचार केलेला दिसला नाही. दुकानातून येतं ते थोडं. खरं येतं ते वाणातून. संक्रांतीनंतर प्रत्येक सवाष्ण बाई हळदीकुंकू करते आणि येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी लुटते. पूर्वी ते हळदीकुंकवाच्या पुड्या, कंगवा, आरसा असं असायचं. मग बाजारात ढिगाने मिळणारं प्लॅस्टिक आलं आणि बायकांची सोय झाली. डबे, गाळणी, चमचे, साबणाच्या डब्या, लिंबू पिळायचं यंत्र, अंडी ठेवायची जाळी, एकदा तर नुसतीच झाकणं, ज्यांचे डबे कुठे होते देव जाणे. एका संक्रांतीत एकेका बाईच्या घरी टोपलीभर प्लॅस्टिक येऊन पडतं. वाण म्हणून टाकवत नाही, आणि वापरायला तर इतकं लागत नाही. मग एकीकडून आलेली गाळणी पुढच्या वर्षी दुसरीला जाते. आमच्या वसाहतीत एक गुलाबी गाळणी इतकी फिरली होती की ती ज्या बाईंनी पहिल्यांदा दिली त्यांच्याकडेच परत आली. त्यांनी ती ओळखली आणि मनाला लावून घेतलं.

माझ्याकडेही हे सगळं होतं. नवरा गेल्यावर नवीन यायचं थांबलं. जे होतं ते हळूहळू गेलं. आमच्याकडची खारी हवा आणि मागीलदारचं ऊन कशालाही सोडत नाहीत. झाकणं तडकली, डबे पिवळे पडले, कडा तुटल्या, एकेक करून सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. वस्तू ठेवायला काहीतरी लागतंच. मग बुरोंडीला माहेरी आईच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या चिनीमातीच्या बरण्या मी आणल्या. त्यांत आमसुलं आणि मीठ. कॉफीच्या काचेच्या बाटल्यांत सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत पोहे आणि कुळथाचं पीठ. मासे आणायला स्टीलचा कडीचा डबा. तो पुढे केला की बंदरावरची मासेवाली हसायची, मग सवय झाली तिला, आता स्वतःच 'डबो हाड', म्हणजे डबा आण, म्हणते. तांदूळ धुवायला बांबूची रोवळी, भांडी घासायला नारळाच्या शेंडीचा चोथा, पीठ काढायला करवंटी. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा, की मुंगी जात नाही आणि आतला जिन्नस श्वास घेतो. यात माझी अक्कल काही नाही. हे सगळं आमच्याकडे होतंच. मी ते वापरलं, कारण माझ्याकडे दुसरं काही येत नव्हतं.

डिसेंबरात मंडळाने 'प्लॅस्टिकमुक्त स्वयंपाकघर' स्पर्धा जाहीर केली. तिघी जणी घरोघर जाऊन ओटा, कपाटं, फ्रीज तपासणार होत्या. ते जाहीर झालं आणि वसाहतीत धांदल उडाली. कचरा गाडी यायच्या सकाळी आमच्या कोपऱ्यावर डब्यांचा असा ढीग पडला की गाडीवाला खाली उतरून बघतच राहिला. चांगले धडधाकट डबे, वर्षानुवर्षं चालले असते असे. ते टाकून बायकांनी मोबाइलवरून काचेच्या बरण्या मागवल्या. त्या आल्या फुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ते प्लॅस्टिक पुन्हा कोपऱ्यावर पडलं. एकीने लाकडाची झाकणं असलेल्या सुबक बरण्या आणल्या. आमच्या हवेत लाकूड फुगतं, मग झाकण निघेना, तेव्हा नवऱ्याला बोलावून उलथण्याने डाळ काढावी लागली. दुसरीने सगळा जुना संसार गोणीत भरून गच्चीवर नेऊन ठेवला आणि परीक्षक गेल्यावर खाली आणला. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

माझ्याकडे येतील असं मला वाटलं नव्हतं. मी नाव दिलं नव्हतं. पण अध्यक्षीणबाईंना यादी भरायची असेल किंवा खरंच कुतूहल असेल, त्या दोघींना घेऊन आल्या. मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. त्यांनी एकेक कपाट उघडलं, फडताळ बघितलं, ओट्याखाली वाकून बघितलं. फ्रीजमध्ये स्टीलच्या वाट्यांवर ताटल्या झाकलेल्या. मग त्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बरण्यांचे फोटो काढले, दादऱ्याचे काढले, रोवळी हातात धरून एकीने स्वतःचा काढला. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, किती वर्षं लागली हे करायला, कुठे वाचलंत, प्रेरणा कोणाची. मी म्हटलं, असंच होत गेलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं असणार, कारण पुढे ग्रुपवर 'साधेपणातून साकारलेली हरित जीवनशैली' असं काहीतरी माझ्या नावापुढे आलं. माझ्या नवऱ्याच्या मरणाला इतकं गोंडस नाव कोणी दिलं नव्हतं.

पहिलं बक्षीस मला मिळालं. निकाल ग्रुपवर टाकला गेला, फुलं आली, टाळ्या वाजवणारे हात आले, 'वहिनी ग्रेट' असं एकीने लिहिलं. खाली मजकूर होता की बक्षीस समारंभ रथसप्तमीच्या हळदीकुंकवात, हॉलवर, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते.

मग ग्रुप एकदम गप्प झाला. मला तो गप्पपणा ओळखता आला. आपण कोणाला पहिलं काढलं आहे आणि कुठे बोलावलं आहे, हे एकेकीच्या डोक्यात शिरत होतं. स्पर्धा ठरवताना, फोटो काढताना, फुलं पाठवताना कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी मात्र त्या दिवशी कपाट उघडलं आणि साडी काढली. हिरव्या काठांची आहे, नवऱ्याने कोचीनहून आणलेली. घडीवर पिवळी रेघ पडली होती. ती धुतली आणि सावलीत वाळत घातली.

रथसप्तमीच्या दुपारी चारच्या सुमारास अध्यक्षीणबाई आल्या. नटून थटून, नाकात नथ, हातात करंडा आणि एक रंगीत कागदात बांधलेलं खोकं. मीही साडी नेसून तयार होते. मला तसं बघून त्यांचा चेहरा उतरला. मी बसा म्हटलं, त्या बसल्या. कोकमचं सरबत दिलं, ते त्यांनी प्यायलं. मग हवेबद्दल बोलल्या, आंब्याला यंदा मोहोर बरा आहे म्हणाल्या, त्यांच्या यजमानांच्या छातीच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्यांबद्दल बोलल्या. मी काही मदत केली नाही. शेवटी त्यांनी ते खोकं माझ्यासमोर ठेवलं.

"वहिनी, गैरसमज करून घेऊ नका हां," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला काही वाटत नाही. पण चार जणी येणार, म्हाताऱ्या असतात, कोणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. तुम्हालाच तिथे कसंतरी वाटेल. म्हणून म्हटलं, आपण घरी येऊनच मान द्यावा."

मला स्वतःला काही वाटत नाही, हे वाक्य मी फार वर्षं ऐकते आहे. आमच्याकडे कोणालाच स्वतःला काही वाटत नाही. वाटतं ते नेहमी दुसऱ्या कोणालातरी, आणि ती दुसरी कधी समोर येत नाही.

मी विचारलं, "बक्षीस कशाबद्दल आहे?"

"अहो, घरात प्लॅस्टिक नाही म्हणून."

"का नाही, ते विचारलंत?"

मग मी सांगितलं, अगदी शांतपणे सांगितलं, म्हणजे मला जितकं शांत राहता आलं तितकं.

"घरात प्लॅस्टिक येतं ते वाणातून. माझा नवरा गेला आणि तुम्ही सगळ्यांनी मला वाण द्यायचं बंद केलं. म्हणून माझ्याकडे नाही. तुम्ही बोलावलं असतंत तर माझ्याकडेही ती गुलाबी गाळणी असती. हे बक्षीस तुमचं आहे. मी त्यात काही केलेलं नाही."

त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांना राग आला, आणि तो दाखवता येईना. खोकं उचलून त्या उठल्या. उशीर होतोय म्हणाल्या. आणि तेव्हा मला एकदम आठवलं की घरी आलेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं. ही रीत माझ्या सासूने मला शिकवली आणि मी समोरच्या बाईंना शिकवली होती. इतकी वर्षं त्या माझ्याकडून कोऱ्या कपाळाने, म्हणजे माझ्या हातच्या कुंकवाशिवाय, परत जात होत्या. मी देवापुढची कोयरी आणली. त्या दारात पोचल्या होत्या.

"थांबा जरा," म्हटलं आणि हळद लावली, मग कुंकू. त्यांना मागे सरता आलं नाही, मागे दाराची चौकट होती. डोळे मात्र त्यांनी गच्च मिटून घेतले.

त्या फाटकाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. मी खिडकीतून बघत होते. त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच राहिला. विधवेच्या हातचं कुंकू ठेवायला भीती, आणि सवाष्णीने स्वतःच्या हाताने कुंकू पुसायचं म्हणजे त्याहून मोठा अपशकुन. नवरा घरात गोळ्या घेऊन पडलेला. हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्या बाई खरोखर घाबरल्या होत्या, आणि मला त्यांची किंचित कीव आली. मग वाटलं, या बाईला मी भाकरी थापायला शिकवली, आणि हिला वाटतं माझ्या बोटाने हिचा नवरा मरेल. मग कीव राहिली नाही. त्या कुंकू तसंच घेऊन हॉलच्या दिशेने चालू लागल्या. मी दाराला कुलूप लावलं आणि मागोमाग गेले.

हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. खुर्च्या प्लॅस्टिकच्याच होत्या. बायकांची बोलणी बारीक झाली, मग पुन्हा सुरू झाली, कारण पाहुण्या आल्या होत्या. पाहुण्यांनी प्लॅस्टिकबद्दल भाषण केलं. बक्षिसं झाली, पहिल्या बक्षिसाचा उल्लेख झाला नाही. मग अध्यक्षीणबाई करंडा घेऊन रांगेतून हळदकुंकू लावत आल्या, मागे एक मुलगी वाणाची टोपली घेऊन. माझ्या शेजारणीला लावलं. मग त्या माझ्यासमोर आल्या आणि थांबल्या. मी मान वर करून बघितलं. त्यांच्या कपाळावर माझं कुंकू होतं, जरा तिरकं लागलेलं. त्यांची दोन बोटं करंड्यात होती. सगळा हॉल बघत होता. त्यांनी बोटं माझ्या कपाळाला न लावताच मागे घेतली, टोपलीतून एक वाण उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढच्या बाईकडे गेल्या.

मी शेवटपर्यंत बसले. तिळाची वडी दिली तीही खाल्ली. मग घरी आले आणि ओट्यावर ते वाण उघडलं. कापडी पिशवी होती, हिरव्या अक्षरांत 'प्लॅस्टिकला नाही म्हणा' असं छापलेली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वर चिकटपट्टी लावलेली. मला इतकं हसू आलं की खुर्ची ओढून बसावं लागलं, आणि बसल्यावर ते हसू राहिलं नाही.

पिशवी मी बाजारात नेते, चांगली आहे. पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात टाकायला हवं होतं. कचरा गाडी तेव्हापासून किती वेळा येऊन गेली. ते पाकीट पुसून, घडी करून मी ओट्याखालच्या खणात ठेवलं आहे. त्याची मला लाज वाटते, आणि ते टाकवत नाही.